उपटून ठेवलेले पऱ्हे

आमच्यासारख्या थोड्या शेतवाल्यांकडे धान रोवायला मजूर नसत, फेरी असायची. आज तुमच्या धानाच्या खाचरात, तुमच्या बांधीत, आम्ही, उद्या आमच्या बांधीत तुम्ही. ज्याची पाळी असेल त्यानं आदल्या दिवशी पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटायचे, जुड्या बांधून चिखलात ठेवायच्या. सकाळी बाया आल्या की वाकल्या आणि रोवत सुटल्या. उपटलेला पऱ्हा काही कुणाची वाट पाहत नाही, म्हणून तर पाळी ठरवूनच उपटायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची पाळी आली, जुड्या बांधून झाल्या, आणि सकाळी एकही बाई आली नाही.

कारण मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात बौद्ध वस्तीतली, टोलीतली, विहीर आटली, तेव्हा तिथल्या बायांना मी आमच्या विहिरीत दोर टाकू दिला होता. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी पऱ्हे उपटलेच नसते.

आमचे हे काविळीनं खाटेवर. मी शेजारच्या काकूकडे गेले. माझ्या पहिल्या बाळंतपणात हिनंच मला शेकलं होतं.

"चला ना जी काकू, पऱ्हे पडून हायेत."

"माही कंबर धरली हाये."

"परवा त तुमच्याच बांधीत रोवत होतो आपण."

तिनं तांदळातले खडे वेचणं सोडलं नाही. "ज्याईले पाणी पाजलं, त्याईलेच बोलाव ना."

आणखी काही दारं पाहिली. कुठं ताप, कुठं पाहुणे. मग मी एकटीच बांधीत उतरले. दुपार झाली तरी एक कोपराच झाला होता. जुडी सोडली तर शेंडे पिवळे पडायला लागलेले. मला रडूही येईना. आमच्या घरचा वर्षाचा भात त्या चिखलात पडला होता, आणि माझे हात दोनच.

चिखलाच्या पायांनी मी टोलीत गेले. आमच्या विहिरीवर सगळ्यात आधी आलेली म्हातारी दारात बसली होती, मागं भिंतीवर बुद्धाचा फोटो. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"काहून आली, ते समजलं."

"मजुरी सांगा, आजी."

"मजुरी नको. तलावाखाली माही एक बांधी हाये. तिथं येशीन काय रोवाले? फेरीत?"

मी चिखलाचे हात पदराला पुसले.

"आन् जेवण आमच्या धुऱ्यावर, आमच्या हातचं. येशीन त हो म्हण. मजूर म्हणून आम्ही लय ठिकाणी जातो, बाई."

मी हो म्हटलं. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मला पिवळे शेंडे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या आल्या. पण निम्म्या जुड्यांची मुळं सडली होती, हातात धरली की वास यायचा. आमची खालची बांधी त्या वर्षी तशीच पडीक राहिली. त्या वर्षी आम्ही कण्या खाऊन दिवस काढले, ते मी विसरलेली नाही.

मग माझी जायची पाळी. सासू म्हणाली, "तिथं जेवशीन त चूल वेगळी मांडजो."

मी गेले. म्हातारीची बांधी नेमकी वाटेला लागून. येणारेजाणारे थांबून पाहत. काकूही डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली. तिनं मान वळवली नाही. तिची कमरेची सबब मी बायांना सांगितली होती.

"कमरेले आराम दिसते," म्हातारी वाकल्या वाकल्या म्हणाली, आणि बाया हसल्या. मला हसता आलं नाही. दुपारी बांधीच्या कडेला धुऱ्यावर सगळ्यांच्या रांगेत बसले. पहिला घास गिळताना आता आपली फेरी कायमची तुटली, एवढंच डोक्यात होतं. ती तुटलीही. काकू माझ्या बांधीत पुन्हा कधी उतरली नाही. पुढं रोवणीला आमच्याकडे टोलीच आली, आणि मी टोलीकडे गेले.

त्या संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि अंगणात वेगळी चूल मांडायला विटा उचलल्या. सासू दारातून पाहत होती. म्हणाली, "काय होतं जेवाले?"

"लाखोरीचं वरण, तरोट्याची भाजी."

"तरोट्यात लसूण घातला होता काय?"

"घातला होता जी."

ती आत वळली. "विटा ठेव तिथंच. पाणी येऊन राहिलं, भिजशीन."

मी विटा ठेवल्या. आत गेले तर तिनं माझं ताट वाढून चुलीपासून दूर, दाराशी ठेवलं होतं.