दगा आप्पांचा पत्ता

दगा आप्पा शिंपी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी बाहीकडे. एकोणीसशे तीसच्या सुमाराला नंदुरबारकडच्या एका लहानशा पोस्टात मी बदलून आलो, तेव्हा माझी उसवलेली बाही बघून त्यांनी विचारले, "तुम्हना घरमा कोनी नही का?" खरेच कोणी नव्हते. त्यांनाही नव्हते.

एकुलता एक मुलगा नथू पत्ते खेळतो म्हणून आप्पांनी त्याला एकदा कापड मोजायच्या गजाने बडवले होते. पोरगा त्याच दिवशी सुरतेची गाडी धरून पळाला आणि पुढे बोटीवर खलाशी झाला. बऱ्याच वर्षांनी मुंबईला निघालेल्या एका गाववाल्याबरोबर आप्पांनी निरोप धाडला, 'पत्ता पाठव.' निरोप तोंडोतोंडी गेला आणि उलट आला तो पत्त्यांचा जोड! बापाचा राग गेला, असे त्या पोराला वाटले असावे. एकेका पानावर एकेका परक्या मुलखाचा माणूस, आपापल्या पेहरावात. खालची अक्षरे इंग्रजीही नव्हती, मला लागली नाहीत.

मी हसतहसत घोटाळा सांगू लागलो, तर आप्पांनी ऐकूनच घेतले नाही. "यामाच त्याना पत्ता शे. कापड खोटं बोलत नही." चौकटच्या सत्तीवर जाड अंगरखा घातलेला माणूस होता. एवढा कापूस कोणी उगाच भरत नाही, मुलूख थंडीचा आहे, पोरगा गारठत असेल, असे म्हणत त्यांनी एक कापसाची बंडी शिवली. गाठोड्यावर खळीने ती सत्ती चिकटवली आणि माझ्या खिडकीत आणून ठेवली.

नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शिक्का मारला आणि गाठोडे घरी नेऊन ट्रंकेत टाकले. वाटले, म्हाताऱ्याचे समाधान होईल. समाधान कसले! रोज टपालाची थैली फुटेपर्यंत ते पायरीवर बसू लागले. पुढच्या थंडीत दुसरी बंडी आली, तिच्यावर दुसरे पान. पहिला पत्ता चुकला असेल, एवढेच म्हणाले. अशा पाच झाल्या. खोलीत एकटा असलो की मला त्या ट्रंकेकडे बघवत नसे.

मग माझी बदली झाली. निरोप द्यायला स्टेशनवर आप्पा एकटेच आले, काखेत गाठोडे. या खेपेस वर पान नव्हते.

"पत्ता, आप्पा?" मी सवयीने विचारले.

"तुम्हले ठाऊक शे ना," ते म्हणाले. "पाच बंड्या तुम्हीच पोचाड्यात."

गाडीच्या खिडकीतून त्यांनी गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. मी बाकाखालची ट्रंक पायाने आणखी आत सारली.