एका अक्षराची हाक

त्या दिवशी मी भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या बँकेत होते. काउंटरमागच्या मुलानं माझा फॉर्म पाहिला, मान वर केली आणि म्हणाला, "मॅडम, पूरा नाम लिखिए ना. ये तो शुरू होते ही खतम हो गया." हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे त्यावर हसण्याचीही आता सवय झाली आहे. माझं नाव री. त्याच्या पुढे काही नाही, मागेही काही नाही. मी नाव खोडून पुन्हा मोठ्या अक्षरात लिहीत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आईचा होता. आई फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, एकदम विषयालाच हात घालते. "बाई, तुयी आत्या गेली," ती म्हणाली. "चहा ठेवून बोलवाले गेली तं खुर्चीतच बसून होती. डोये उघडे. मले वाटलं काही ऐकून राहिली..."

या गोष्टीला पाच आठवडे झाले. कमल आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील भंडाऱ्याकडून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि दोन वर्षांनी नर्सिंग शिकलेली ही बहीणही मागोमाग आली. तिनं लग्न केलं नाही. एका दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात तिनं सगळी नोकरी काढली. हुडको कॉलनीत आमचं आणि तिचं घर एका भिंतीनं जोडलेलं होतं. तिच्या चहाच्या कपाची बशी खाली ठेवल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. जिभेनं तिखट, वागायला कडक. दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत. अंगारेधुपारे, उतारे, नजर हे शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. समोरच्या घरच्यांनी एकदा दारावर लिंबू-मिरची बांधली, तर हिनं दुपारी ते लिंबू सोडून आणलं, त्याचं सरबत केलं आणि त्यांनाच पाजलं. "भूतबीत काही राह्यत नाही. मायी सारी जिंदगी जन्मामरनात गेली, मले तं एकबी नाही दिसलं," असं ती ठणकावून सांगायची. म्हणूनच पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना माझाच हात थोडा अडखळतो आहे.

आमच्या गल्लीत आम्ही चार मुली होतो. री, भा, धी आणि नू. चौघींचीही नावं आत्यानं ठेवलेली. मी तिची सख्खी भाची, बाकीच्या शेजारच्या. पण वॉर्डातली सिस्टर म्हणून तिला सगळ्याच घरांतून आत्याचा मान होता. आता मोबाइलवर 'मुलींसाठी छोटी नावं' म्हणून याद्याच्या याद्या येतात, तेव्हा तसं काही नव्हतं. गल्लीत सगळ्यांच्या मुली सुनीता, संगीता, अनिता. त्यात आमची ही अर्ध्या घासाची नावं. हजेरी घेताना गुरुजी थांबायचे, "आगे क्या?" म्हणायचे, आणि अख्खा वर्ग खिदळायचा. वडील बहिणीला चिडवायचे की अक्षरांवर रेशनचा कंट्रोल लागला आहे का. मी तर रीतसर सुजाता व्हायची होते. तसं बारशाच्या पत्रिकेत छापलंही होतं. पण नाव कानात सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकली, तोंड माझ्या कानाशी नेलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "री." बायका हसल्या, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आई मात्र उठून आत गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. हे मला वडिलांनी सांगितलं, गंमत म्हणून सांगितलं. त्यांना त्यात गंमतच दिसत होती.

आत्याची एक सवय होती. संध्याकाळची ड्यूटी नसली की, दिवे लागायच्या सुमारास, ती आपल्या व्हरांड्यात यायची, पदरानं हात पुसायची आणि एकेक नाव घेऊन हाक मारायची. भा... धी... नू... री... प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबायची. आम्ही चौघी समोरच्या मैदानात लंगडी खेळत असायचो. पहिल्यांदा, मी पाचेक वर्षांची असेन, मी धावत गेले. वाटलं, काही खायला देईल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुले नाही बोलावलं वं. जाय, खेळ." रागावली नव्हती. दार ठोठावणाऱ्याला 'ते घर पलीकडचं' असं सांगावं तसं सांगितलं. भा गेली, तिलाही तेच. धी गेली, तिलाही. मुलं कशालाही सरावतात. थोड्याच दिवसांत आमचं ठरूनच गेलं की सकाळची हाक आपली, संध्याकाळची आपली नाही. खेळ चालू राहायचा. फक्त माझं नाव आलं की माझा लंगडीचा पाय खाली टेकायचा, आणि मी आउट व्हायचे.

नऊ वर्षांची असताना मी एकदा तिच्या फाटकाजवळच्या जास्वंदीमागे लपून बसले. मला बघायचंच होतं, येतं कोण. तिनं हाका मारल्या. शेवटी माझं नाव घेतलं. मग दारात आपण एखाद्या मुलाला आत जायला वाट देतो ना, तशी ती जराशी बाजूला झाली, एकदा, दोनदा, चारदा. चौथ्या वेळी तिनं हात पुढे केला आणि हवेत, डोक्यावरून फिरवावा तसा फिरवला. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी दोन हातांच्या अंतरावर होते, माझी नजर चुकली नाही. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी त्याच जागी जाऊन उभी राहिले आणि तिचा हात जिथे होता तिथे आपलं डोकं येतं का ते पाहिलं. येत नव्हतं. तो हात माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता. पुढे मी वाढले, तसा तो हातही दरवर्षी थोडा थोडा वर जात राहिला. मी हे कधी कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आईनं मला कधी नावानं हाक मारली नाही. बाई, पोट्टी, अगं, ऐकून राहिली का... बाकी सगळं. 'भा'ची आई छत्तीसगढी, ती तिला 'नोनी' म्हणायची. धीची आई 'गुड्डी'. मला वाटायचं, ही नावं मुळात हाक मारण्याच्या कामाचीच नाहीत. लग्न ठरलं तेव्हा दुर्गच्या सासरच्यांनी नाव बदलायचं सुचवलं आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. सुजाता व्हायला मी एका पायावर तयार होते. तर जी आई माझं नाव कधी घेत नव्हती, तीच आडवी आली. "राहू द्या ते," म्हणाली. आणखी काही सांगितलं नाही. मला तेव्हा तिचा फार राग आला होता.

उलगडा झाला तो आत्ता, चार महिन्यांपूर्वी. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. त्याची बायको स्नेहल रायपूरची, बँकेत नोकरी करणारी, हौशी मुलगी. बाळाला घेऊन हुडकोत आली तेव्हा मीही तिथेच होते. आत्या व्हरांड्यात लाल भाजी निवडत बसली होती. स्नेहल मोबाइल पुढे करून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही ठेवायच्या तसं एकाच अक्षराचं नाव द्या ना हिला. आजकल तो यही चलता है. किती स्वीट वाटतं, री, भा..." आत्याचे हात थांबले. तिनं बाळाकडे पाहिलं, मग स्नेहलकडे, आणि विचारलं, "हिच्याआधी तुयं कोनी गेलं नाही ना?" स्नेहल घाबरून नाही म्हणाली. "मंग मायं नाव तुले कावून पाहिजे?" आत्या म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. स्नेहल बाळाला छातीशी धरून आत गेली. मी तिथेच बसून राहिले. पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग विचारलंच, "आत्या, माझ्याआधी कोण होतं?"

तिनं लपवलं नाही. बहुधा कुणीतरी विचारावं याचीच वाट पाहत होती. "तुयाआधी दोन वर्सं तुया मायले पोरगी झालती," ती म्हणाली. "दिवस भरले नोते. मायाच ड्यूटीत झाली. दहा मिनिटं असन. डॉक्टर, सारे होते, पन ते राह्यनारं लेकरू नोतं. असे लय लेकरं याचे. कागदावर काय, तं 'बेबी ऑफ' अन् मायचं नाव. मले ते पटेच ना. आलती ना दुनियेत, मंग बिनानावाची कावून जाईन? अन् लंबं नाव घेत बसली तं पुरं होईपावतर लेकरू राह्यत नाही. म्हून एकच अक्षर. कानात म्हनाचं. तिनं ऐकलं पाह्यजे, बस." मी विचारलं, मुलीच का, मुलगे जात नव्हते का. "पोरांचं नाव घरचे आधीच ठरवून याचे," ती म्हणाली. "पोरीचं कोनी नाही."

अशी किती नावं ठेवली, ते तिनं सांगितलं नाही. ज्यांच्या आया आमच्या गल्लीतल्या होत्या, त्या चार गेलेल्या मुलींनाच ती घरून हाक मारायची. बाकीच्यांना वॉर्डात असताना मारायची म्हणे, साड्या वाळत घातलेल्या दवाखान्याच्या गच्चीवरून. "तुयावाल्या बारशाले मी सुजाताच म्हननार होती," ती पुढे म्हणाली. "पन तुया कानाशी तोंड नेलं अन् तू मायाकडे असं पाह्यलं, जसं वळखीचं मानूस पाह्यते. तोंडातून तेच निंघालं. मंग 'भा'च्या वक्ती तसंच, धीच्या वक्ती तसंच. चूकच झाली मायी. ज्या घरी एक नाव ठेवलं, त्या घरी दुसरं मले येऊनच नाही राहिलं." मला रडू फुटलं होतं. मी म्हटलं, म्हणजे त्या हाका माझ्या नव्हत्याच. हे नावही माझं नव्हतं. आई म्हणून माझं नाव घेत नाही ना? आत्यानं ओल्या हातानं माझा हात धरला. "तुयी माय ते नाव घेते तं तिच्या तोंडात दोघी येतात. म्हून नाही घेत. अन् तुले तं दिवसभर सारे हाका मारत होते वं. तिले कोन मारन? मले भूतबीत नाही समजत. पन नाव ठेवलं तं हाक मारा लागते ना."

स्नेहलच्या बाळाचं नाव मी ठेवलं, कारण आता आत्या मी होते. कमल आत्यानं बजावून ठेवलं होतं की चांगलं लंबं ठेव, म्हणता म्हणता दम लागला पाहिजे. मी विहारात बाळाच्या कानाशी वाकले आणि 'संघमित्रा' एकेक अक्षर सावकाश उच्चारलं. शेवटच्या अक्षरापर्यंत बाळ माझ्या कानातला डूल ओढत होतं. आत्या खुर्चीत बसून लहान मुलासारख्या टाळ्या वाजवत होती. तेच तिचं माझं शेवटचं भेटणं.

आत्या गेल्यापासून मी आईजवळच आहे. दोन घरांमधली भिंत तशीच आहे, पण पलीकडून बशीचा आवाज येत नाही. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की आई गॅस बारीक करायची आणि हातात उलथनं धरून उभी राहायची. मला वाटलं, सवय. मग माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं ती भिंतीच्या अलीकडून रोज ती हाक ऐकत होती. आपल्या गेलेल्या मुलीला कुणीतरी घरात बोलावतं आहे, हे ऐकूनच ती पुढचा स्वयंपाक करत होती. आता बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. पोळी तव्यावर करपायची आणि आई हलायची नाही.

म्हणून मी जायला लागले. मी कधी नवस न बोलणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, दिवेलागणीला आत्याच्या व्हरांड्यात उभी राहून भा, धी, नू अशा हाका मारते. समोरचे लोक काय म्हणत असतील ते म्हणोत. फक्त चौथं नाव मला घेता येत नव्हतं. ते घेतलं तर ते माझं राहणार नाही, अशी मला धास्ती होती. चाळीस वर्षं ज्या नावावरून मी कुढत आले, ते द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मला ते हवंहवंसं झालं होतं. मी तीन नावं घ्यायचे आणि चोरासारखी परत यायचे. भिंतीपलीकडे आईचं उलथनं पुन्हा हलत नसे.

काल घेतलं. व्हरांड्याच्या कडेला उभी राहिले, तीन हाका मारल्या आणि मग म्हटलं, "री..." माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. समोर मैदानात मुलांचा खेळ चालू होता, कुणी वळून पाहिलं नाही. मी थांबले. नकळत दारातून एक पाऊल बाजूला झाले. पलीकडे स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं. मग भिंतीतून आईचा आवाज आला, घोगरा, हळू.

"आली का?"

मी पाहिलं. व्हरांड्यात मावळतीचा उजेड होता, बाकी कुणी नव्हतं. माझ्या डोक्याच्या चार बोटं वर काही हललं की वारा होता, ते मी सांगू शकत नाही.

"हो, आई. आली," मी म्हणाले.

 मग तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला, आणि आई म्हणाली, "मंग तू बी ये ना आता, री. गरम आहे तवर जेवून घ्या."

मी आत गेले. दार मात्र थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं.