दारात आलेला ठेंगा

रायपूरहून सकाळच्या बसनं गरियाबंदच्या बाजूला निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मोहाची फुलं होती. सोबत रायपूरच्याच तात्यापारा वस्तीत राहणारी मावसबहीण माला. तिच्या ओळखीच्या सुकवारोबाई गोंड. त्यांच्या गावी मोह वेचताना बघायचा होता.

दारातच बाई म्हणाल्या, "आज हमर घर ठेंगा आए हे." मला हसू फुटलं. आपल्याकडे ठेंगा मिळाला की हात हलवत परतायचं!

"काहून हसून राहिली, ताई?" माला म्हणाली. "ठेंगा म्हंजे काठी. ज्याच्या दारात ठेवली, त्या घरानं आज जंगल राखाचं. संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात."

बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) आणि कांदा खाऊन आम्ही काठीमागोमाग जंगलात गेलो. मोहाखाली बायका खराट्यानं पाला झाडत होत्या. पूर्वी पाला सरळ पेटवायचे, फुलं चटकन दिसतात. पण त्यात कोवळी रोपं जळायची, आणि वाढत्या उन्हात गावचा झरा लवकर आटायला लागला. तेव्हा गावानंच आग बंद केली.

दुपारी धूर दिसला. सुकवारोबाई धावल्या, मागून आम्ही धापा टाकत. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. माझी एक चप्पल त्यात कामी आली. झाडाआड काडेपेटी घेऊन उभा होता तो बाईंचा सख्खा दीर.

"भौजी, झन बताबे," (वहिनी, सांगू नकोस) तो म्हणाला.

दोघांच्या चुली एकाच अंगणात. तो दुखावला, तर रोजचं बोलणं बंद. "विझली ना आग, जाऊ दे," मी मालाच्या कानात म्हणाले.

संध्याकाळी गावाच्या बैठकीत त्या काठी धरून उभ्या राहिल्या. "मोर देवर आगी लगाइस." (माझ्या दिरानं आग लावली.) ठरलं, महिनाभर काठी दिराच्याच दारात. त्यानं ती घेतली आणि वहिनीकडे न बघता निघून गेला. मला बाईंचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही.

परतीच्या बसमध्ये माला एकदम म्हणाली,

"ताई, मी नसतं सांगितलं."

"दिराचं?"

"नवऱ्याचं. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात हाय ना ते. रात्री चोरून धूर सोडून देतात, घरी येऊन मलेच सांगतात. सकाळी गच्चीवरची काळी धूळ पुसते मी, अन् चूप राहते."

तिच्या जागी मीही धूळच पुसली असती.