मोटार फोन उचलते

दौंडहून कंपनीची बस सुटली की कुरकुंभ येईपर्यंत मला कोणी स्वस्थ बसू देत नाही. मागच्या सीटवरून कोणाची तरी मान पुढं येते आणि प्रश्न येतो, "सायेब, कोनता घेऊ?" कोणता म्हणजे कोणता फोन. मी साहेब वगैरे नाही, केमिकल प्लँटमध्ये साधा ऑपरेटर आहे. पण जेवताना, दाढी करताना, बायको काही सांगत असतानासुद्धा मी फोनचे व्हिडिओ बघत असतो. एखादं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची बॅटरी कशी, कॅमेरा कसा, गेम खेळताना तापतो किती, हे मला तोंडपाठ असतं. आधी याचा अभिमान वाटायचा. आता दमायला होतं.

"पोराला गेम खेळायलाय. हँग नाय झाला पायजे."

"पोराला का तुला?"

"दोघांला. पन घरी पोराचंच नाव सांगायचं."

मी सांगतो. सांगताना आतून जाणवत असतं की हा माणूस वर्षभरात पुन्हा हाच प्रश्न घेऊन येणार आहे. खरं विचाराल तर गेल्या काही वर्षांत फोन फारसे बदललेलेच नाहीत, त्यांच्या पाठीवरचं कॅमेऱ्याचं टेंगूळ तेवढं वाढलं आहे. तरी नवीन व्हिडिओ आला की माझं बोट तिकडं जातंच.

आणि एवढं करून दिवसातले आठ तास माझ्याकडं फोन नसतो. आमच्या प्लँटमध्ये सॉल्व्हंटच्या वाफा असतात, त्यांना एवढीशी ठिणगी पुरते. म्हणून गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये लाकडी कप्पे केले आहेत. फोन कप्प्यात ठेवायचा, बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. शिफ्ट सुटेपर्यंत सगळ्यांचे फोन तिथं उजळत, गुरगुरत पडलेले असतात. सिक्युरिटीवाला म्हणतो, "दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसल्यासारखं वाटतं."

त्या खुराड्यात माझ्या फोनवर रोज आप्पांचे मिस्ड कॉल साठायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते वडगाव रासाईला वस्तीवर राहतात, मी बायकोमुलांसह दौंडला. आई गेल्यावर मी त्यांना चला म्हणालो, पण माझ्या म्हणण्यात जोर नव्हता आणि त्यांच्या नाही म्हणण्यात होता. शेत चुलतभाऊ बघतो. आप्पांकडं एकच कारभार उरला होता, भीमेच्या काठावरची पाण्याची मोटार. लाईट कधी येणार, मोटार कधी चालू करायची, उसाला पाणी किती, कांद्याला किती, हे ते ठरवत. त्यावर कोणी बोलायचं नाही. चुलतभाऊसुद्धा विचारूनच पाण्याचं बारं धरायचा.

लाईट कधी दिवसा, कधी रात्री. नदीपर्यंतची वाट उसातून जाते आणि आमच्याकडं उसात बिबट्या असतो, ही आता बातमीही राहिलेली नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. लोखंडी डबा, त्यात एक सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावला की डब्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. "मोटार बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबला की नदीवर मोटार सुरू. डब्यात भरलेल्या नंबरांचंच तो ऐकतो; दोनच भरले होते, आप्पांचा आणि माझा. आप्पांकडं बटणांचा जुना फोन होता, तो त्याला पुरेसा होता. आयुष्यात मी घेतलेल्या सगळ्या गॅजेटांत शहाणपणाचं हे एकच.

थोड्या दिवसांनी गेटवरचे मिस्ड कॉल कमी झाले. मला बरं वाटलं. वाटलं, आप्पा रुळले.

मग एका सुट्टीला वस्तीवर गेलो. आप्पा ओट्यावर बसलेले, फोनचा स्पीकर चालू.

"वीजपुरवठा उपलब्ध नाही," बाई म्हणाली.

"आगं पन येनार कवा?" आप्पा म्हणाले.

"वीजपुरवठा उपलब्ध नाही."

"बरं बरं. चिडू नगंस. कांद्याला पानी द्यायचंय म्हनून इचारलं."

फोन कट झाला. समोरून सायकल हातात धरून शेजारचे मामा चालले होते, आप्पांच्याच वयाचे. त्यांनी तिथूनच आवाज दिला. "काय आप्पा, काय म्हनती मोटारवाली?"

"लाईट न्हाई म्हनती."

"तुमच्याशी बोलती तरी. आमची घरातली बोलंना!"

दोघंही हसले. मीही हसलो. मग आप्पांनी पुन्हा तोच नंबर लावला. लाईट नाही हे आत्ताच कळलेलं असताना लावला. मी म्हणालो, "आप्पा, लाईट नाही म्हणून सांगितलं ना तिनं? सारखा सारखा कशाला लावताय?"

"आसंच."

"मला लावायचा मग."

"तुला लावतो की. तू कुठं उचलतो? ही पहिल्या रिंगला उचलती."

ते रागानं बोलले नव्हते. बाजरीला भाव काय आहे ते सांगावं तसं बोलले. मी लगेच गेटची, कप्प्यांची, सॉल्व्हंटची गोष्ट सांगायला लागलो. ती त्यांना माहीत होतीच. तीन वाजता शिफ्ट सुटल्यानंतर माझा फोन माझ्या हातात असतो आणि तरीही मी परत फोन करायचं उद्यावर टाकतो, हे मी बोललो नाही. तीननंतर मी कोणत्यातरी फोनची चाचणी बघत असतो. कोणता फोन उंचावरून पडल्यावर फुटतो आणि कोणता फुटत नाही.

पुढं जे केलं त्याला मी बसमध्ये 'अपग्रेड' म्हणालो. जुना डबा काढला आणि ॲपवर चालणारा स्टार्टर बसवला. व्होल्टेज दिसतं, करंट दिसतो, महिन्याचा आलेख निघतो, लाईट आली की मोटार आपोआप सुरू करण्याची सोय आहे. बसमध्ये दोघांनी लगेच त्याची लिंक मागून घेतली. पण खरं कारण आलेख नव्हता. डब्यातल्या त्या बाईचा मला राग आला होता. ती गप्प झाली तर आप्पा मला फोन करतील, असं कुठंतरी वाटत होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस रेकॉर्ड केलेल्या आवाजावर जळतो हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते तसंच झालं.

आप्पांसाठी स्मार्टफोनही नेला. मोठी स्क्रीन, मोठी अक्षरं, चांगली बॅटरी, विचार करून निवडलेला. ॲप उघडून दिलं आणि म्हणालो, "हे हिरवं गोल आहे ना, त्याला बोट लावा."

आप्पांनी लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. जन्मभर खोरं धरलेलं बोट, टोकाला भेगा आणि घट्टे. स्क्रीनला ते बोट कळेचना.

"आप्पा, दाबू नका. हळूच टेकवा."

"हळू लावल्यावं कोन ऐकतंय?" म्हणत त्यांनी अंगठ्यानं असं दाबलं की काच फुटते की काय वाटलं. मग बोट धोतराला पुसून लावलं, ओलं करून लावलं. हिरवं गोल तसंच. शेजारी उभ्या चुलतभावाचं लक्ष आहे हे बघून त्यांनी फोन खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे. तूच बग."

मला तेव्हा थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "काही काळजी करू नका आप्पा, मी दौंडहून बघतो सगळं. तुम्हाला आता काहीच करावं लागणार नाही." हे मी प्रेमानं बोललो होतो. जुना डबा पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, त्यातलं सिम नव्या डब्यात घातलं, स्मार्टफोन परत घेतला आणि निघालो.

त्यानंतर आप्पांचे फोन वाढले नाहीत. बंदच झाले. तीन वाजता कप्प्यातून फोन काढला की त्यावर दुकानांच्या सवलती, ग्रुपवरचे फुलांचे फोटो आणि ॲपचे निरोप असायचे. मोटार सुरू झाली, मोटार बंद झाली. रोजच्या रोज कळत होतं की वडगावला मोटार ठीक आहे. आप्पांचं काही कळत नव्हतं. मी केला तर ते उचलायचे, "बरं हाय" म्हणायचे आणि मी पुढं काय बोलणार याची वाट बघायचे. माझ्याकडंही काही नसायचं. पूर्वी निदान मोटारीवर तरी बोलणं व्हायचं.

एके दिवशी शिफ्ट सुटून बाहेर आलो तर ॲपचे निरोप एकाखाली एक लागलेले होते. मोटार आपोआप सुरू झाली होती आणि दुपारपर्यंत चालूच होती. मी आदल्या दिवशी ऊस भिजवायला ती आपोआपची सोय चालू केली होती आणि बंद करायची विसरलो होतो. चुलतभाऊ सकाळी काढणीआधीचं शेवटचं थोडं पाणी कांद्याकडं वळवून बाजाराला गेला होता; त्याच्या हिशेबानं मोटार मी बंद करणार होतो. आणि मी ज्या फोनवरून बंद करणार होतो तो खुराड्यात होता. सगळ्या बसला फोन शिकवणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली नव्हती.

शेवटचा निरोप वेगळा होता. मोटार हातानं बंद केली.

आप्पांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग चुलतभावाला लावला, तो शिरूरला होता. बरोबरच्याची मोटारसायकल मागितली. त्यानं किल्ली काढून देता देता विचारलं, "काय झालं?"

"वडील मोटारीवर गेलेत."

"मग?"

त्याचंही खरं होतं. शेतकरी मोटारीवर जातो, त्यात काय? पण पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे गेलेले, वाट उसातली. चौफुल्याला वळलो, केडगाव मागं टाकलं, पुलावरून भीमा ओलांडली, आणि सगळ्या रस्ताभर मला ऐकू येत होतं ते माझंच वाक्य. तुम्हाला आता काहीच करावं लागणार नाही.

कांद्याच्या वाफ्यांत पाणी तुंबलं होतं. काढणीला आलेला कांदा, असा भिजला की सडतो. बांधावरून चालत नदीवर गेलो. आप्पा मोटारीच्या पत्र्याच्या खोपटाबाहेर दगडावर बसले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, काठी शेजारी. नव्या डब्याचं झाकण उघडं होतं.

"आप्पा, फोन का नाही उचलला?"

"घरी हाय."

"मला करायचा तरी."

"कप्प्यात आसतो न्हवं तुझा?"

मी त्यांच्याजवळ बसलो. पाणी संथ होतं. पलीकडच्या काठावर कोणाची तरी मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता.

"घरूनच बराच वेळ शिव्या घातल्या हिला," आप्पा डब्याकडं बघत म्हणाले. "बंद हो, बंद हो. ऐकंना. म्हनलं आता हिला बोलता येत न्हाई. मग आलो."

"चुकलं माझं."

"कांद्याचं व्हय? जाईल थोडा. थोडा निघंल."

"कांद्याचं नाही."

आप्पा काठीचा आधार घेत उठायला लागले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. उसातून येताना ते पुढं होते, मी मागं. मध्येच थांबून, मागं न बघता म्हणाले, "मोटार माझ्याकडं ऱ्हाऊ दे. बाकी तुमचं काय ते करा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. माळ्यावरून पोतं काढलं, जुना डबा पुसला, सिम परत त्यात घातलं. नंबर भरायची वेळ आली तेव्हा पहिला आप्पांचा भरला. माझा भरलाच नाही. नवा स्टार्टर बसमधल्या एकानं नेला. "एवढा भारी का काढला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "आमच्याकडं चालला नाही."

बटणांचा फोन आप्पांनी आतून आणला, तो चार्ज केलेला होता. त्यांनी नंबर लावला, स्पीकर लावला.

"मोटार बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा."

"आलीस का?" आप्पा म्हणाले. एक त्यांनी दाबला नाही. कांद्याला पाणी नकोच होतं.

आता मी जेवणाच्या सुट्टीत गेटवर जातो. जायला आणि यायलाच निम्मी सुट्टी संपते. केबिनबाहेर उभं राहून आप्पांना फोन लावायचा, परत कप्प्यात ठेवायचा, पळत येऊन डबा खायचा. सिक्युरिटीवाला आधी विचारायचा, "घरी काय आजारी आहे का कोणी?" आता बिल्ला बघायच्या आतच फोन काढून देतो. मोठं काही केल्यासारखं मला वाटत नाही. इतकी वर्षं उशीर झाल्यावर भर उन्हात गेटपर्यंत चालणं, एवढंच ते आहे. कधी पाय ओढत जातो, कधी वाटतं आज राहू दे.

बहुतेक वेळा आप्पांचा फोन बिझी लागतो. ते तिच्याशी बोलत असतात. मी केबिनच्या सावलीला उभा राहतो आणि थोड्या वेळानं पुन्हा लावतो.