पप्पांचा उरलेला शब्द

पप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस बंगळुरात येलहंक्याच्या आमच्या दोन खोल्यांत एका लोखंडी खाटेवर येऊन पडला. वाचा गेली. एकच शब्द उरला, "नाही." पाणी हवं असलं तरी "नाही", नको असलं तरी "नाही". काय हवंय ते डोळ्यांवरून ओळखायचं. पण मी पेटी काढून उपासनेतलं एखादं गीत धरलं की ते सगळी कडवी म्हणत, एक अक्षर न चुकता. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. मग रोज संध्याकाळी मी वाजवायची, आणि तेवढा अर्धा तास आईला नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा.

बेळगावकडून आलेली आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-वीस घरं. रविवारी तमिळ मंडळीची उपासना आटोपली की दुपारी त्यांचं चर्च आम्हाला मिळे. त्यांचा ऑर्गन वाजवणारा तरुण कुलूप लावायच्या निमित्ताने मागे थांबायचा आणि मला ऑर्गन शिकवायचा. बोलणं कन्नडमध्ये. वर्षभराने त्याला निलगिरीतल्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. लहान मुलांसाठी त्यांना आणखी एक बाई हव्या होत्या.

"दोघं जाऊ या," तो म्हणाला.

इतकं हवंसं मला आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं.

मागणी मराठीतच घालायची, हा त्याचा हट्ट. मला न सांगता तो मराठी बायबलवरून मराठी शिकला. एका शनिवारी दुपारी उसना कोट घालून तो खाटेपाशी उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गृहस्थहो, भिऊ नका! पाहा, आपल्या कन्येस पत्नी करून घ्यावे म्हणून मी आलो आहे."

खाटेवर गृहस्थ एकच होते. आईने तोंडात पदर कोंबला. पप्पांचा अर्धा चेहरा हसला, झटका आल्यापासून पहिल्यांदा. मग चांगल्या हाताने त्यांनी त्याची बाही घट्ट धरली आणि म्हणाले, "नाही. नाही. नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.

"नाही म्हणतायत," आई हळूच म्हणाली.

मी पप्पांचे डोळे बघायला हवे होते. मी फरशीकडे बघत राहिले. मी गेले तर पेटी कोण वाजवणार, एवढंच डोक्यात होतं.

"सरी," ठीक आहे, एवढंच कन्नडमध्ये म्हणून तो गेला. निलगिरीहून त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही.

पप्पा आणखी चार वर्षं जगले. शेवटच्या वर्षी गीतंही गेली. मी वाजवायची आणि ते भिंतीकडे बघत पडून असायचे.

त्यांना माती देऊन आलो, त्या संध्याकाळी आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं होतं. मला कळलं होतं."

"मग?"

"मला एकटीला झेपलं नसतं गं."

तिला बोलायला मला तोंड नव्हतं. मान तर मीही वर केली नव्हती.

पुढच्या महिन्यात मी त्या शाळेला पत्र लिहिलं. उत्तर त्याच्याच अक्षरात आलं, अगदी अदबीचं. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं होतं.

मी जे. पी. नगरमधल्या एका शाळेत लागले, दोन बस बदलून. आई पहाटे उठून माझा डबा करायची. आम्ही दोघी बोलायचो, भाजीचं, पाण्याचं, रविवारच्या उपासनेचं. तेवढंच.