दोन वाक्यांचा हिरो

कवळीवाल्याने आयुष्यभर माणसांच्या तोंडात पाहिलं, पण माणसं त्याच्यापुढे कधी तोंड उघडून बसली नाहीत. तो मान डॉक्टरचा. डॉक्टर जबड्याचा साचा घेऊन पाठवायचा आणि हा मागच्या खोलीत बसून त्यात प्लॅस्टर ओतायचा, मेणात एकेक दात लावायचा, हिरडीचा रंग जुळवायचा. कवळी छान बसली की पेशंट डॉक्टरचे आभार मानी आणि टोचली की डॉक्टर याला फोन करी. असं सगळं आयुष्य गेलं. पुढे हात कापायला लागले तसं दुकान मुलाच्या ताब्यात गेलं आणि हा घरी बसला.

मुलाने भलामोठा टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला. जुने सिनेमे त्यावर हवे तेवढे दिसत. बायको खूश झाली. तिचं तरुणपण त्या सिनेमांत गेलं होतं आणि याचं मागच्या खोलीत, त्यामुळे तिला जे पुन्हा बघायचं होतं ते हा पहिल्यांदाच बघत होता. रविवारी दुपारी शेजारपाजारची माणसं येऊ लागली. खालच्या मजल्यावरचा निवृत्त बँकवाला यायचा, समोरच्या घरातली एकटी राहणारी शिवणबाई यायची, आणि बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे हिरो म्हणत.

पहिल्या रविवारी एक रडका सिनेमा होता. नायिका शेवटचा पाऊण तास खोकत होती आणि खोकता खोकता तीन गाणी म्हणत होती. ती मेली तेव्हा शिवणबाईने पदर डोळ्यांना लावला. बँकवाल्याने सहज विचारलं, काय, कसा वाटला?

कवळीवाला म्हणाला, "हिरड्या बघितल्या का तिच्या? गुलाबी, घट्ट, एक दात हलत नाही. ही बाई कशानं मेली? मला वाटतं, नायक फार बोलत होता."

बँकवाला असा हसला की त्याला ठसका लागला. कवळीवाल्याला नवल वाटलं. आपलं मत ऐकून कुणी हसतं, कुणी थांबून पुढचं ऐकू बघतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुढच्या रविवारी तो तयारीतच बसला. युद्धाच्या सिनेमावर तो म्हणाला, या सैन्याकडे दारूगोळा नाही, अन्न नाही, पण दात घासायची चोख व्यवस्था आहे, म्हणून जिंकले. जुळ्या भावांच्या विनोदी सिनेमात एकाच नटाने दोघांचं काम केलं होतं. त्यावर त्याचं म्हणणं पडलं की एकाला अभिनय येत नव्हता म्हणून दुसरा घेतला, तर तोही तसलाच निघाला. खुनाच्या सिनेमात खुनी कोण हे त्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं आणि बाकीच्यांची दुपार बाद केली. तरी सगळे हसले.

हळूहळू असं झालं की सिनेमा संपला की कुणी एकमेकांशी बोलत नसे. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत.

एकदा शिवणबाईने स्वतःहून एक सिनेमा सुचवला. कोर्टकचेरीचा होता, जरा संथ. लग्न ठरल्यावर नवऱ्याबरोबर तिने पाहिलेला तो पहिला सिनेमा, हे तिने सुरू व्हायच्या आधी लाजत सांगितलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिनेमा संपल्यावर कवळीवाला म्हणाला, "हा बघूनही माणूस तुमच्याशी लग्नाला तयार झाला? म्हणजे मधेच झोपला असणार." शिवणबाईने चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. एकटीने घरी बसण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटत असावं. कवळीवाल्याने मात्र त्याचा अर्थ असा घेतला की तिला काही लागलं नाही.

आता हिरोचं. हा विशीत घरातून पळून गेला होता, सिनेमात काम करायला. तीन वर्षांनी परत आला तो हडकून, आणि चपलांच्या दुकानात लागला. लोकांच्या पायांपुढे गुडघे टेकून त्याने उरलेला जन्म काढला. एका सिनेमात आपण नायकाच्या मित्राचं काम केलं, एवढं तो सांगायचा. तो सिनेमा आठवडाभरही चालला नव्हता आणि नंतर कुणाला कुठे दिसला नाही. त्यामुळे घरातली माणसं त्याला हिरो म्हणत ती अर्धी लाडाने आणि अर्धी जिरवायला. म्हातारपणी त्याचे दात गेले तेव्हा कवळी याच कवळीवाल्याने करून दिली होती.

आणि तो सिनेमा सापडला. हिरोच्या सुनेला फोनवर कुठेतरी दिसला. त्या रविवारी हिरो इस्त्रीचा शर्ट घालून आला, दाढी गुळगुळीत, सुनेला आणि नातवंडांनाही घेऊन आला. स्वयंपाकघरात बायकोने कवळीवाल्याला बाजूला घेतलं.

"अहो, आज काही बोलू नका. बोललात तर चांगलं बोला. माझ्यासाठी."

"बरं," तो म्हणाला.

सिनेमा टाकाऊ होता. तासभर हिरो दिसलाच नाही. नातवंडं चुळबुळ करायला लागली. मग एका हॉटेलचा दरवाजा उघडला, नायिका आत आली आणि काउंटरमागे तो उभा होता. पोरसवदा, मानेवर सैल पडलेली कॉलर. नायकाचा मित्र नव्हता तो. हॉटेलात किल्ल्या देणारा कारकून होता. नायिकेने विचारलं की ते आहेत का. तो म्हणाला, "ते सकाळीच गेले." थोडं थांबून म्हणाला, "निरोप काही नाही."

तेवढंच. पण हे बोलून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आलेले त्याला दिसले, आणि त्याने नजर खाली घेतली. काउंटरवरच्या किल्ल्या तो उगीच नीट लावायला लागला, एकेक, हळूहळू, तिला कुणाच्या देखत रडावं लागू नये म्हणून. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, ते दिसतच होतं. कॅमेऱ्यालाही बहुधा ते अपेक्षित नव्हतं. त्याचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता आणि त्या तिरक्या दातामुळे तो चेहरा खरा वाटत होता. इतक्या रविवारांत पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत हा एकच माणूस नाटक करत नव्हता.

सिनेमा संपला. हिरो हात मांडीवर ठेवून बसला होता. सगळ्या माना कवळीवाल्याकडे वळल्या. बँकवाल्याने तर हसू तयारच ठेवलं होतं, ओठांच्या कोपऱ्यात. ते तयार हसू वाया घालवणं कवळीवाल्याच्या जिवावर आलं.

"दोन वाक्यं होती," तो म्हणाला. "दिग्दर्शकानं दोन्ही ठेवली, चुकलं त्याचं. अरे, तीन वर्षं आईबापांना रडवलंस ते एवढ्यासाठी? किल्ली तर आमचा वॉचमनही देतो."

बँकवाला हसला, नातवंडं खिदळली, सुनेने हसू दाबलं. हिरोही हसला. तोंडावर हात धरून हसला, कारण मोठ्याने हसलं की त्याची कवळी सुटायची.

माणसं गेल्यावर बायको कप गोळा करत होती. तिने विचारलं, "खरंच तसं वाटलं तुम्हाला?"

"गंमत केली गं."

"गंमत मला कळते. मी वेगळं विचारतेय."

त्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "चांगला होता. सगळ्या सिनेमात तोच एक चांगला होता."

तिने हातातले कप खाली ठेवले. "काम वाईट वाटलं असतं आणि वाईट म्हणाला असतात, तर मी एक शब्द बोलले नसते. तुम्हाला चांगलं वाटलं होतं, आणि तरी तुम्ही हे बोललात. जाऊन सांगा त्याला."

जातो, तो म्हणाला. त्या आठवड्यात गेला नाही. मग पुढच्याही नाही. बायकोच्या भावाच्या दारात जाऊन काय म्हणायचं, याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कबूल करायची त्याहून जास्त. हिरो रविवारी यायचा बंद झाला. दरम्यान बँकवाल्याने तो विनोद सगळीकडे नेला, दुधाच्या रांगेत, बागेतल्या बाकावर. हिरोला आता लोक किल्लीवाला म्हणू लागले. चाळीसेक वर्षं चिकटलेलं नाव महिन्याभरात गळून पडलं. घरी नातू शाळेची बॅग काढून त्याच्यापुढे हात पसरायचा आणि म्हणायचा, आजोबा, किल्ली. त्याने सुनेला सांगितलं की फोनमधला तो सिनेमा काढून टाक.

मग एका सकाळी हिरोच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, छाती उघडून ऑपरेशन झालं. चार दिवसांनी भेटायला सोडलं तेव्हा बायको कवळीवाल्याला घेऊन गेली. वॉर्डाच्या दारापाशी ती थांबली आणि म्हणाली, मी बाहेर बसते.

पलंगाशी बँकवाला आधीच होता. निघताना त्याने हिरोच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, बरे व्हा किल्लीवाले, काउंटर मोकळा पडलाय. हिरो मानेनेच हो म्हणाला. कवळी काढून ठेवलेली, गाल आत गेलेले.

कवळीवाल्याने स्टूल ओढलं आणि बोलायला लागला. सगळं सांगितलं. ती नजर खाली घेणं, त्या किल्ल्या एकेक लावणं, ते कुणी शिकवून येत नाही हे, तो तिरका दात. इतकं नीट आणि इतकं खरं तो जन्मात कधी बोलला नव्हता.

हिरोने पूर्ण ऐकून घेतलं. मग बोळक्या तोंडाने, शब्द सावरत विचारलं, "ताईनं पाठवलं ना?"

कवळीवाल्याला खोटं बोलता आलं नाही. "हो. पण मी सांगतोय ते…"

"भाऊजी, तुम्ही तोंडानं फटकळ, पण खोटं कधी बोलला नाहीत. तेवढं एक होतं तुमच्यात." त्याने डोळे मिटले. "आजारी माणसासाठी तेही सोडू नका."

कवळीवाल्याने पुन्हा सांगून पाहिलं. जितकं जास्त सांगितलं तितकं ते खोटं वाटत गेलं, त्याचं त्यालाच. शेवटी नर्सने येऊन उठवलं.

हिरो वाचला. महिन्याभराने काठी घेऊन हिंडायला लागला. वाटेत भेटला की थांबायचा, तब्येत विचारायचा, मुलाचं दुकान कसं चाललंय विचारायचा. मनात अढी नव्हती, आणि असती तर कवळीवाल्याला सोपं गेलं असतं. सिनेमाबद्दल हिरोला जे वाटत होतं ते पक्कं झालं होतं. त्या दोन वाक्यांत काही नव्हतं, तीन वर्षं फुकट गेली आणि घरच्यांनी हसून त्यावर शिक्का मारला, एवढंच.

हिरोला जिने चढायची मनाई होती म्हणून रविवारची बैठक त्याच्या घरी भरू लागली, छोट्या टीव्हीवर. आधी बायको जायला लागली, मग तिच्याबरोबर शिवणबाई. बँकवालाही जाऊ लागला. तिथे सिनेमा संपल्यावर कुणी काही बोलत नाही म्हणे, चहा पितात आणि उठतात. कवळीवाल्याला कुणी ये म्हणालं नाही आणि येऊ नको असंही म्हणालं नाही. तो भल्यामोठ्या टीव्हीसमोर एकटा बसे. सुरुवातीला एखादं वाक्य मोठ्याने बोलून बघायचा. खोलीत ते नुसतं पडून राहायचं.

एका रविवारी बायको तिकडून आली ती हसतच. त्याने विचारलं, कुठला होता? तिने नाव सांगितलं.

"कसा होता?"

"आवडला," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला आत गेली. का आवडला ते तिने सांगितलं नाही. तो उंबऱ्याशी जरा वेळ उभा राहिला, मग परत जाऊन खुर्चीत बसला.