जेटचा आवाज आणि पप्पांचे कान

विमानाच्या इंजिनातून सुटणाऱ्या हवेचा आवाज किती होईल, हे इंजिन बनण्याआधी कॉम्प्युटरवर सांगायचं, हे माझं काम. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये बसून मी ते एका परदेशी कंपनीसाठी करते. हवेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला वेग आणि दाब काढायचा, भोवरे कुठे तयार होतात आणि कुठे फुटतात ते बघायचं. आवाज त्या भोवऱ्यांतूनच निघतो. मम्मी शेजारणींना एवढंच सांगते, "विमानाचं काहीतरी करते."

पप्पा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. ओतून काढलेल्या लोखंडी भागांवरची वाळू हवेच्या नळीने उडवायची, हेच त्यांनी नोकरीभर केलं. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला विहारात कळलं. वंदना संपून सगळे गप्प झाले, तरी पप्पा डोळे मिटून म्हणतच राहिले. मम्मीने हात दाबला तेव्हा थांबले.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तपासलं. नस गेलीय, परत येणार नाही, म्हणाले. रिक्षात बसल्यावर पप्पांनी विचारलं, "आत शिट्टी वाजत राहते, तिचं काय?" डॉक्टरांनी त्याचंही उत्तर दिलं होतं, पण ते पप्पांना ऐकू गेलं नव्हतं. मी मोठ्याने सांगितलं, "ती राहणार." रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं.

पप्पा निवृत्त झाल्यावर धाकटा भाऊ त्याच खात्यात कंत्राटावर लागला होता. त्याच्याकडून मी नळीच्या तोंडाचं माप आणि हवेचं प्रेशर विचारून घेतलं, आणि विमानासाठी करते तेच गणित त्या नळीसाठी केलं. उत्तराचं रंगीत चित्र स्क्रीनवर आलं तेव्हा पप्पा शेजारी येऊन बसले.

"हे लाल काय?"

"हवा जिथे जास्त घुसळली जाते ते."

"आणि मी कुठे?"

मी कानाच्या जागी ठेवलेला ठिपका दाखवला. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

हवेचा वेग थोडा उतरवला की आवाज खूप उतरतो. प्रेशर कमी करा, एवढंच मला सांगायचं होतं. भावाच्या सुपरवायझरना भेटले. माणूस चांगला होता. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच प्रेशर उतरवलं. त्या आठवड्यात मी खुशीत होते.

मग एकदा जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, प्रेशर परत वाढवलंय."

"कोणी? साहेबांनी?"

"आम्हीच. कमी प्रेशरला कोपऱ्यातली वाळू निघत नाही. माल मागे राहिला की कंत्राटदार दुसरा माणूस आणतो."

"मग कानात प्लग तरी घाल."

"घातला होता. मागून ट्रॉली आली ती कळलीच नाही. थोडक्यात वाचलो."

माझ्या मॉडेलमध्ये वाळू नव्हती. ट्रॉली नव्हती, कंत्राटदारही नव्हता. मग मी नळीला लावायचं कमी आवाजाचं एक तोंड शोधून मागवलं. बारीक भोकांचं होतं ते. वाळूने बुजलं आणि भंगारात गेलं.

पप्पांना कानाचं मशीन घेतलं. त्यात भांडी आणि पंखाच जास्त वाजतात म्हणून ते काढून ठेवतात. मम्मी आता त्यांच्याशी हातवाऱ्यांनीच बोलते, आणि तेही कमी झालंय.

गेल्या महिन्यात भावाला बळेच त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्याच्या कानांचा आलेख बघितला. वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी रेघ खाली कोसळली होती, जिथे कोसळेल असं मला वाटलं होतं तिथेच. कामात माझा अंदाज इतका बरोबर आला की कंपनीतले साहेब कौतुक करतात.

"काही खास नाही ना?" भावाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "ते काम सोडता येईल का?"

तो हसला, घड्याळ बघितलं, आणि तिथूनच सेकंड शिफ्टला गेला.